मुजावरांच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला श्वास

मागच्या जूनपासून आमच्या कार्यालयात मीटर आणि कान यांचं एकमत झालं नाही, तर दोघांपैकी एकाला निलंबित करतात. मीटर निलंबित झाला की त्याची वीज तोडतात. कान निलंबित झाले की ते काढून भांडारात जमा करावे लागतात. त्यात दुखत वगैरे नाही. डावा कान घड्याळाच्या काट्याच्या दिशेने अर्धा फिरवायचा, उजवा उलट्या दिशेने, बरणीच्या झाकणासारखा. परिपत्रकात आकृतीही होती. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर दाबला आणि परिपत्रक माझ्या हातातून खाली पडलं.

मी दचकते. कुकरच्या शिट्टीला, फोनला, मागून कुणी माझंच नाव घेतलं तर त्यालाही. तरी मला कनिष्ठ श्रोता म्हणून घेतलं, कारण मी भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे, लेखी परीक्षेत दुसरी आले होते, आणि दचकण्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

मिरजेतल्या आमच्या ध्वनितपासणी कार्यालयाचं काम सरळ आहे. कुणी नवीन अ‍ॅम्प्लिफायर बनवला की तो आमच्याकडे आणतो. आमच्याकडे एक नमुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याच्याशी तो ताडून बघतात. हिरव्या पडद्यामागे एक मांडणी आहे. तिच्या वरच्या फळीवर नमुना, खालच्या फळीवर अर्जदाराचा. ऐनापुरे मामा पडद्यामागे उभे राहून तार कधी याला लावतात, कधी त्याला, आणि तंबोऱ्याची एकच टेप वाजवतात. पडद्यापुढच्या खुर्चीत श्रोता बसतो. बाजूला मीटर बसतो. मीटर तारेतून मोजतो. खोलीत काय चाललंय, पंखा कुरकुरतोय की दार वाजतंय, ते त्याला कळत नाही. श्रोता खोलीतून ऐकतो. तारेत काय चाललंय ते त्याला कळत नाही. मग दोघांनी आपापला रकाना भरायचा.

श्रोत्याच्या रकान्यात ‘मीटरप्रमाणे’ असं लिहायची पद्धत होती. सगळे तेच लिहायचे. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. नोकरीच्या चौथ्या आठवड्यात रियाज मुजावरांचा अ‍ॅम्प्लिफायर आला. मीटरने लिहिलं, ‘नमुन्यात व अर्जदाराच्या यंत्रात फरक नाही.’ मी लिहिलं, ‘अर्जदाराच्या यंत्रात सूर लागण्याआधी कोणीतरी श्वास घेतं.’

दुसऱ्या दिवशी अधीक्षक बेडकिहाळ साहेबांनी मला बोलावलं.

“कवठेकर, हे काय लिहिलंय?”

“ऐकू आलं ते, सर.”

“ते दिसतंय. पण लिहिलंत का?”

“रकाना होता, सर.”

साहेबांनी चष्मा लावून कागद पाहिला. रकाना होता. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

“आता हा मतभेद झाला,” ते म्हणाले. “मला पडदा-चाचणी लावावी लागेल. दहा फेऱ्या. वाजतोय तो नमुना की मुजावर, एवढंच सांगायचं. आठ बरोबर आल्या तर तुम्हाला खरंच ऐकू येतंय, मग चार नंबर निलंबित. आठाच्या खाली आल्या तर तुमचे कान जमा.”

“मी खाडाखोड करू का, सर?”

“शाईने लिहिलंत,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

चार नंबर म्हणजे आमचा मीटर. त्यांची सेवा बावीस वर्षांची, त्यामुळे कार्यालयात सगळे त्यांना अहोजाहो करतात. त्यांनी त्याच दुपारी कागदाच्या पट्टीवर लेखी खुलासा दिला: ‘दोन्ही यंत्रांत फरक नाही. बावीस वर्षांत माझ्याकडून श्वास मोजला गेलेला नाही. आवश्यक वाटल्यास वीज तोडावी.’ पट्टी वाचून टंकलेखन विभागातल्या दोघी रडल्या. सहा महिने वीज तोडलेल्या मीटरचा काटा पुन्हा शून्यावर येत नाही. एक नंबर आणि दोन नंबर जिन्याखाली ठेवलेत, त्यांचे काटे अजून मध्येच कुठेतरी थांबलेले आहेत. त्या दिवसापासून मला चहा सगळ्यांच्या शेवटी यायला लागला.

आईला फोनवर सांगितलं. ती गडहिंग्लजला एकटी असते आणि रोज संध्याकाळी सातला फोन करते.

“जमाच करायचे झाले तर आधी कुड्या काढून ठेव,” ती म्हणाली. “सरकारी कपाटात गेलेली वस्तू परत येत नाही.”

“कान परत देतात गं आई. शंभर तपासण्यांत मीटरशी एकमत झालं की देतात.”

“आणि तोवर मी फोन कुणाला करू?”

मी परिपत्रक पुन्हा उघडून बघितलं.

मला खरी भीती वेगळीच होती. श्वास खरोखर होता का, हेच मला ठाऊक नव्हतं. मी कॉलेजात शिकलेय की माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. आवाज केसभर मोठा केला तरी तेच यंत्र जास्त गोड वाटतं. आणि मी तर रिकाम्या खोलीतही दचकणारी. तरी तो श्वास आठवला की वाटायचं, नाही, होता. थोडा अडखळलेला, नाकातून घेतलेला. आठ दिवस मी हेच करत होते. सकाळी होता, दुपारी नव्हता, संध्याकाळी पुन्हा होता.

चाचणीच्या सकाळी चहा घेऊन ऐनापुरे मामा स्वतः आले. त्या दिवशी माझा चहा सगळ्यांच्या आधी आला.

“ताई, घाबरू नका,” ते म्हणाले. “पडद्यामागं मी हाय. माझ्यामुळं तुमचं लक्ष उडायचं न्हाई. एकतीस वर्षं झाली तिथं उभा ऱ्हातोय, पर आवाज म्हणून केला न्हाई. शिंक आली तरी गिळतो.”

“शिंक कशी गिळतात, मामा?”

“सवय,” ते म्हणाले आणि खिशातून नातींचा फोटो काढला. ईश्वरी तिसरीत होती, सई बालवाडीत. “दिवाळीला रिटायर. मग ह्या दोघींना घेऊन बसणार आणि जेवढं गप्प बसलोय तेवढं समदं बोलणार.”

मामा गेल्यावर भांडारपाल लाटकरबाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांना मापं घ्यायची होती, कानाच्या डब्यासाठी. मोजता मोजता त्या म्हणाल्या, “मामांचं खरं आहे हो. तिथं चुकून चालत नाही. शेजारच्या विभागात मोहिते होते ना, पडद्यामागे खोकले. ज्याचा आवाज झाला त्याची पडद्यामागची सेवा मुळापासून रद्द, असा नियम आहे. छप्पन्नचे होते, आता तेवीसचे आहेत. मिशीसुद्धा नाही. बायको ओळखते, पण लग्न अजून व्हायचंय म्हणून माहेरी राहते. मुलगा इंजिनियरिंगला होता, त्याचं नाव काढावं लागलं.”

“मुलगा कुठे गेला?”

“कुठे जाणार? व्हायचाय अजून,” लाटकरबाई म्हणाल्या आणि टेप गुंडाळली.

अकरा वाजता दार लावून घेतलं. खिडक्यांना जाड कागद होता. साहेब टेबलाशी बसले, त्यांच्यापुढे उत्तरांचं बंद पाकीट. चार नंबर आपल्या जागी, काटा शून्यावर. रियाज मुजावर अर्जदार म्हणून हजर होते. ते दारापाशी पंख्याखाली बसले. चाळिशीचा गोरा माणूस, बोटांना सोल्डरचे डाग.

“मॅडम, एक विचारू का?” ते म्हणाले. “माझ्या मशिनीत श्वास हाय, तर चांगला हाय का वाईट?”

“मला माहीत नाही. आहे एवढंच.”

“न्हाई, माझे वालिद तंबोऱ्याची जवारी काढायचे, सूर घुमावा म्हणून. घोडीवर कानस मारायची, दोरा सरकवायचा, ऐकायचं, परत मारायची. मोजायचं कायच न्हाई. मी मशीन तसंच लावलंय. पर श्वास मला आला न्हाई बघा ऐकू. आला असता तर दुकानाच्या बोर्डावर लिहिलं असतं.”

“अर्जदाराने शांत बसावं,” साहेब म्हणाले.

पहिली फेरी. पडद्यामागे काहीच हललं नाही. मग तंबोरा लागला, स्वच्छ, षड्ज खोलीभर पसरला. श्वास नव्हता. मी म्हटलं, “नमुना.” दुसऱ्या फेरीला सुराच्या किंचित आधी तो आला. नाकातून, अडखळत. मी म्हटलं, “मुजावर.” प्रत्येक उत्तरानंतर साहेब पाकिटातली एक चिठ्ठी काढायचे, बघायचे आणि पुढ्यातल्या तक्त्यावर खूण करायचे. खूण बरोबरची की चुकीची ते मला खुर्चीतून दिसत होतं. बरोबर. बरोबर. तिसरी बरोबर, चौथी बरोबर. पाचव्या फेरीनंतर चार नंबरांचा काटा जागेवरच थोडा थरथरला. सहावी बरोबर. मुजावर खुर्चीत पुढे सरकले. साहेबांनी रुमालाने मान पुसली. मला हसू येत होतं आणि रडूही. माझ्या डोक्यातलं नव्हतं ते. खरंच होतं.

सातवी फेरी. श्वास आला. मी ‘मुजावर’ म्हणायला तोंड उघडलं, आणि सूर लागलाच नाही. पंखा मंदावत थांबला. चार नंबरांचा दिवा विझला. वीज गेली होती.

“कुणी उठू नका,” साहेबांचा आवाज आला. “ऐनापुरे, नियमाप्रमाणे तार काढून ठेवा. वीज आली की फेरी पुन्हा.”

अंधारात मी पडद्याकडे बघत बसले. पंखा बंद असल्यामुळे खोली एकदम रिकामी वाटत होती. तेवढ्यात तो श्वास पुन्हा आला. नाकातून, अडखळत, तसाच. अ‍ॅम्प्लिफायर बंद होता. तारेत वीज नव्हती. खालच्या फळीवरची तार काढायला मामा वाकले होते.

खालच्या फळीसाठी वाकावं लागतं. वरच्या फळीसाठी लागत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी वाकताना माणूस श्वास घेतो, आणि तो घेतला हे त्याला स्वतःला कळतही नाही.

मी दचकले नाही. दोन्ही यंत्रांत काहीच फरक नव्हता. चार नंबरांचं शब्दशः खरं होतं. माझंही खरं होतं. आता मी आणखी दोनदा बरोबर सांगितलं, तर बावीस वर्षं बरोबर मोजणाऱ्या मीटरची वीज तुटणार होती. मी उठून खरं सांगितलं, तर मामांची एकतीस वर्षं मुळापासून रद्द होणार होती. ते सत्तावीस वर्षांचे होऊन सकाळी कामावर येणार आणि खिशातल्या फोटोत कुणीच नसणार. तिसरा मार्ग मुद्दाम चुकायचा होता, त्यात फक्त माझे कान जाणार होते. संध्याकाळचे सात वाजलेले मला अंधारात दिसले, आणि फोन.

वीज आली. पंखा फिरायला लागला.

“फेरी सातवी, पुन्हा,” साहेब म्हणाले.

श्वास. मग तंबोरा.

“नमुना,” मी म्हटलं.

साहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. “नक्की?”

“नक्की, सर.”

आठवीला श्वास नव्हता. मी म्हटलं, “मुजावर.” माझा आवाज इतका चिरका निघाला की मलाच तो ओळखू येईना. चुकीचं उत्तर द्यायचं तर आधी बरोबर ऐकावं लागतं, आणि मी आयुष्यात इतकं नीट कधी ऐकलं नव्हतं. नवव्या फेरीला मामांना वाकायला वेळ लागला. श्वास दोन तुकड्यांत आला. मला भीती वाटली की आता तो सगळ्यांनाच ऐकू गेला असेल. मी साहेबांकडे पाहिलं. ते तक्त्याकडे बघत होते. मुजावर वर पंख्याकडे बघत होते.

“नमुना,” मी म्हटलं. दहाव्या फेरीलाही चुकले.

दहापैकी सहा. साहेबांनी तक्ता बंद केला. “कवठेकर, सहापर्यंत तुम्ही—” ते म्हणाले आणि चष्मा काढला. चार नंबरांनी पट्टी छापली: ‘आभारी आहे.’

मामा पडद्यामागून बाहेर आले. कपाळावर घाम होता. “काय झालं ओ ताई सातव्या फेरीपासनं?”

“लाइट गेली ना, मामा. लक्ष उडालं.”

“आणि मी तर श्वाससुदिक धरून उभा होतो,” ते म्हणाले, फार वाईट वाटून.

भांडारात लाटकरबाईंनी कापूस आणि स्टीलचा डबा तयार ठेवला होता. मी कुड्या काढून पर्समध्ये टाकल्या. आईला आधीच फोन करून सांगायला हवं होतं, ते तेव्हा आठवलं.

“आधी डावा की उजवा?” लाटकरबाईंनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

“बहुतेक जण डावा देतात आधी. उजव्याने पावती लिहिल्याचं ऐकतात, मग तोही देतात.”

मीही तसंच केलं. कागदावर पेन घासल्याचा आवाज, मग काहीच नाही.

आवाज नसतानाचे दिवस मला वाटलं होतं तसे नव्हते. माझं दचकणं बंद झालं. श्रोत्याला कान असलेच पाहिजेत असा नियम नसल्यामुळे माझी खुर्ची तीच राहिली. मी चार नंबरांची पट्टी वाचायची आणि रकान्यात ‘मीटरप्रमाणे’ लिहायची. माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी ‘समतोल’ असा शेरा मारला. मुजावरांना प्रमाणपत्र मिळालं. रोज सातला फोन हातात थरथरायचा. मी तो गालाला लावायची, सेकंद पुढे सरकताना बघायची आणि थोड्या थोड्या वेळाने “हं” म्हणायची. आई कधी वीस मिनिटं बोलायची, कधी तीस. लाटकरबाईंच्या मात्र चिठ्ठ्या यायच्या: ‘आपले कान कपाटाचं दार वाजलं की डब्यात उडतात. शेजारच्या कानांची तक्रार आहे.’

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझ्या शंभर तपासण्या पूर्ण झाल्या. कान घेऊन जावेत असं पत्र आलं. सोबत एक प्रतिज्ञापत्र होतं: कान परत मिळाल्यावर श्रोता जे ऐकेल तेच लिहील, ‘मीटरप्रमाणे’ लिहिणार नाही. मी पत्र घरी नेलं, दोन दिवस उशाशी ठेवलं. मामांच्या निवृत्तीला सतरा दिवस होते. सतरा दिवसांत निदान दहा यंत्रं येणार होती, आणि प्रत्येक वेळी खालची फळी.

तिसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. ‘सदर कान आणखी सतरा दिवस भांडारातच ठेवून घ्यावेत, ही विनंती.’ कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘वैयक्तिक’. साहेबांनी तो बराच वेळ वाचला आणि मंजूर केला. त्या संध्याकाळी फोन थरथरला तेव्हा मी “हं” म्हणायला उशीर केला.

निरोपसमारंभ वरच्या हॉलमध्ये होता. शुक्रवार होता, कान मला सोमवारी साडेदहाला मिळणार होते. मुजावरांनी आपला अ‍ॅम्प्लिफायर आणि माइक आणला होता, आणि ते माझ्या शेजारीच बसले होते. पुढच्या रांगेत मामांची बायको, मुलगा, सून, दोघी नाती. टेबलावर सेवापुस्तक उघडं होतं. मामांचं भाषण झालं की साहेब त्यावर शेवटची सही करणार होते, आणि सही झाली की सेवेतलं काही रद्द करता येत नाही. साहेबांनी शेरा वाचून दाखवला असावा, कारण सगळे मामांकडे बघून हसत होते. शेरा मला आधीच माहीत होता: ‘एकतीस वर्षे. आवाज नाही.’

मामा उठले. माइक ठेंगण्या माणसाच्या उंचीवर होता. मामा त्याच्यापाशी गेले आणि वाकले.

त्याच क्षणी मुजावर खुर्चीत ताठ झाले. त्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग आपल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे, मग सावकाश माझ्याकडे. त्यांचं तोंड अर्धवट उघडं होतं. साहेबांचीही मान वर होत होती. कुठलीतरी गोष्ट आठवताना माणसाची होते तशी.

मी टाळ्या वाजवायला लागले. मला आवाज कळत नव्हता, त्यामुळे हात दुखेपर्यंत वाजवल्या. मुजावर माझ्याकडे बघत होते, मग त्यांनीही वाजवायला सुरुवात केली, उभे राहून. टंकलेखनातल्या दोघी उठल्या, लाटकरबाई उठल्या, सई खुर्चीवर चढली. सगळा हॉल उभा राहिला. इतक्या टाळ्या झाल्या म्हणजे भाषण संपलं, असं साहेबांनी धरलं आणि सही केली.

मामा एक शब्दही न बोलता खाली आले.

त्यांच्या हातात नारळ आणि शाल होती. नंतर सगळे चहाकडे गेले तेव्हा ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. मला ऐकू येत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्या कानाच्या जागेपाशी तोंड आणलं आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलत होते. मी मान हलवत राहिले. त्यांचा श्वास गालाला लागत होता, आणि तो ऊन होता.